राळेगावचं स्टेशन

राळेगाव तालुक्याचं गाव. तहसील आहे, कोर्ट आहे, कापसाचं जिनिंग आहे. नाही ती फक्त रेल्वे. यवतमाळची नॅरोगेज शकुंतला मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटर रमतगमत जायची, पण राळेगावकडे तिनं कधी वळूनही पाहिलं नाही. गावाचं त्यावाचून काही अडलं नाही. स्टेशनाची सगळी कामं बसस्टँडनं अंगावर घेतली.

इथले खरे मानकरी अपडाऊनवाले. मास्तर, बँकवाले, तलाठी. बिऱ्हाड यवतमाळला, हजेरी राळेगावला. एसटीत प्रत्येकाची जागा ठरलेली. मी एका रिकाम्या सीटवर टेकलो, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "ते सरांची जागा आहे जी." सर दोन थांब्यांनंतर चढणार होते. मी उठलो. जागेच्या बाबतीत सातबारापेक्षा वहिवाट मोठी.

2022च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आणि 17 मार्च 2023पासून बायकांना अर्धं तिकीट. आसपास आज्या, सुना, आजोबा आणि पासवाली पोरं. पूर्ण तिकीट काढणारा बहुधा मीच. कंडक्टरनं ज्या आदरानं माझ्याकडे पाहिलं, तसं घरीही कुणी पाहत नाही.

स्टँडवर आलुबोंडा खाता खाता एका आजोबांना विचारलं, "बाबाजी, इथून जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं?"

"कळंब."

"तिथं कसं जायचं?"

"एसटीनं."

"आणि रेल्वे कुठं नेते?"

"वर्ध्याले."

"पण वर्ध्याला एसटीही जाते ना?"

"जाते ना! मले तं फुकट नेते."

"मग रेल्वेत कशाला बसायचं?"

आजोबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "काहून म्हंजे? इतके वर्स वाट पाह्यली, आता बसू नाही का?"

आजोबांचं बरोबर होतं. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024ला सुरू झाला. देवळी, भिडी, कळंब, की संपला. रूळ तालुक्याच्या उंबरठ्याशी आले. आत यायचं आमंत्रण बहुतेक पोस्टानं पाठवलं असावं.

तेव्हा राळेगावला यायचा बेत असेल, तर रेल्वेचं तिकीट कळंबपर्यंतच काढा, पुढं एसटी धरा आणि खिडकीजवळ बसण्याआधी ती जागा कुठल्या सरांची आहे, तेवढं विचारून घ्या.