हेड कुठलं?

राज्याचा अर्थसंकल्प असेल त्या दुपारी अप्पांच्या घरी कुणी जाऊ नये. गेलंच तर टीव्हीच्या आडवं तरी येऊ नये. अप्पा मांडीवर पाट घेऊन बसलेले असतात, पाटावर फुलस्केप आणि हातात लाल-निळी पेन्सिल. अर्थमंत्री महापुरुषांना वंदन करतात, संतांना वंदन करतात, मग एखादी कविता होते. तेवढ्यात अप्पा उठून तोंडावर पाणी मारून येतात. "कविता ऐकायला वर्ष पडलंय. तुटीचा आकडा आला की हाक मारा."

तुटीचा आकडा लवकर येत नाही. आधी स्मारकं येतात, महामार्ग येतात, नवी महाविद्यालयं येतात, बाकं वाजतात. १० मार्च २०२५ ला तो आला तेव्हा महसुली तूट ४५,८९१ कोटींची निघाली. अप्पांनी आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि काकूंना म्हणाले, "आज चहा नको." काकूंनी चहा केला. त्यांनी तो प्याला. पण निषेध नोंदवला गेला.

अप्पा साताऱ्याला कोषागारात होते. आक्षेपाची चिठ्ठी न लागता त्यांच्या टेबलावरून बिल पुढे गेल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. मार्चअखेरीला सगळी खाती वर्षभर झोपून उठल्यासारखी बिलांचे गठ्ठे घेऊन यायची आणि अप्पा मध्यरात्रीपर्यंत एकेक तपासायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ३१ मार्चच्या रात्री अजून त्यांना झोप लागत नाही.

त्यांचा पेटंट प्रश्न एकच: "हेड कुठलं?" म्हणजे लेखाशीर्ष. सरकारी पैसा लेखाशीर्षाशिवाय हलत नाही, तसा घरचाही हलू नये असा त्यांचा आग्रह. पुतण्याने महाबळेश्वरची सहल ठरवली, "हेड कुठलं?" सुनेने भिशीच्या पैशातून मिक्सर घेतला तर म्हणाले, "हे पुनर्विनियोजन झालं. मंजुरी कुणाची?" सून बिचारी नवीन होती, तिला वाटलं सासऱ्यांनी कौतुक केलं.

शेजारच्या बारशाचा किस्सा तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. बायका पाळणा म्हणत होत्या. अप्पांनी बाळाच्या हातात पन्नासाची नोट ठेवली आणि आजोबांना म्हणाले, "राज्यावर कर्ज होणार ९ लाख ३२ हजार कोटी. २०११ च्या जनगणनेने माणसं ११ कोटी २४ लाख. म्हणजे याच्या नावावर ८३ हजार आत्ताच पडले." काकूंनी चिमटा काढला. तेव्हा त्यांनी दुरुस्ती केली, "तसा हा जनगणनेत नाही. थोडे कमी धरा."

अप्पांचा पक्ष कुठला, हे शोधून शोधून सगळे पक्ष दमले. सरकार कुणाचंही येवो, यांचा आक्षेप तोच. अर्थसंकल्पाला चार महिने होत नाहीत तोच पुरवणी मागण्या येतात, आणि अप्पांचा पारा चढतो. जुलै २०२४ मध्ये त्या ९४,८८९ कोटींच्या होत्या, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या. "अहो, मग मार्चमध्ये वाचलं ते काय होतं? ट्रेलर?" पुढे चर्चा. तिच्यात प्रत्येक जण आपल्या तालुक्याचा पूल आणि आपल्या गावची शाळा मांडतो. वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला. 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.' होयचे बहुमत. अप्पा मनगटावरचं घड्याळ बघत बसलेले असतात. "एवढ्या वेळात मी एक टीए बिल पास करत नव्हतो."

कपात सूचना हा त्यांचा हळवा कोपरा आहे. मागणीतून शंभर रुपये कमी करा, अशी सूचना आमदाराने द्यायची आणि तेवढ्या बळावर खात्याला सभागृहात जाब विचारायचा. "शंभर रुपयांत सरकारला जाब द्यायला उभं करता येतं हो! एवढी स्वस्त गोष्ट आणखी कुठली आहे? आणि वापरतो कोण?" कॅगचा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, हे त्यांचं दुसरं गळू. नागपूरला तर त्या दिवशी निम्म्या बॅगा भरलेल्या असतात. अहवाल आला म्हणेपर्यंत वाचणारे परतीच्या गाडीत. आणि २०१६ साली आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेशिवाय कसं पटकन मंजूर झालं, ते अप्पा साभिनय सांगतात. बाकं वाजवण्याचा आवाजसुद्धा काढतात.

त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा पोछा हातात धरूनच विचारलं, "अप्पा, तुम्ही लई बोलताय. आमचे लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद करायला लावताय काय?" अप्पा एकदम गडबडले. "नाही हो मावशी. तुमचे मिळालेच पाहिजेत. २०२५-२६ ला ३६ हजार कोटींची तरतूद केलीय. मी विचारतोय, दुसऱ्या कुणाचे काढून तर देत नाहीत ना?" त्याच वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा पैसा या योजनेकडे वळवल्याचा बोभाटा झाला होता, खुद्द सामाजिक न्यायमंत्री जाहीर नाराज होते. मावशींची भाची आदिवासी वसतिगृहात राहून शिकते. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "असं व्हय. मग विचारा की." इतक्या वर्षांत अप्पांना मिळालेला हा बहुधा पहिला पाठिंबा.

कारण बाकी कुणाला ऐकायला वेळ नाही. सोसायटीचे खजिनदार अप्पाच. वार्षिक सभेत ते पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून झाडूपर्यंत एकेक व्हाउचर वाचतात. तिसऱ्या पानाला मागून बटाटेवड्याचा वास येतो आणि सगळी सोसायटी एका सुरात ओरडते, "मंजूर, मंजूर!" अप्पा चष्मा काढून म्हणतात, "एक तरी प्रश्न विचारा हो." मग कुणी तरी दया येऊन झाडूचा भाव विचारतं.

आमच्या आमदारांची (नाव कशाला!) आणि अप्पांची गाठ लग्नसराईत पडते. आमदार दरवर्षीच्या पाच कोटींच्या निधीतून बसवलेल्या बाकांबद्दल सांगत असतात. बाकांवर निधी लहान अक्षरात आणि नाव मोठ्या. अप्पा पुढे सरकतात. "साहेब, लोकलेखा समितीवर आहात ना? बैठकांना किती गेलात?" आमदार लगेच वाकून पाया पडतात. पाया पडलेल्या माणसाला पुढचा प्रश्न कसा विचारायचा, हे कोषागार नियमावलीत नाही. दिवाळीला आमदारांकडून फराळाचा डबा आला तेव्हा अप्पा तो परत पाठवणार होते. काकूंनी चिवडा चाखून पाहिला आणि तरतूद कायम ठेवली.

पण आमदारांनी एकदा चमत्कार केला. अधिवेशन चालू असताना एका रात्री फोन आला. "अप्पा, उद्या पुरवणी मागण्यांवर दहा मिनिटं मिळतायत. काय बोलू?" अप्पा रात्रभर लिहीत बसले. तुटीची कारणं, व्याजाचा बोजा, न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रं, २००५ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याचं काय झालं, प्रत्येक मुद्द्याला पान क्रमांक. पहाटे नातवाकडून सगळी पानं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसले.

आमदार उभे राहिले संध्याकाळी. त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले, मुख्यमंत्र्यांचे मानले, दोन्ही उपमुख्यमंत्र्यांचे मानले. मग मतदारसंघातल्या घाटरस्त्याला निधी कमी पडतोय असं म्हणाले, आणि कागदात बघून लेखाशीर्ष वाचलं. तेवढ्यात घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, "संपवा." आमदार बसले.

घरात कुणी बोलेना. काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "झालं तुमचं जागरण?"

अप्पांनी पेन्सिलीने फुलस्केपवर एक बरोबरची खूण केली. "हेड बिनचूक सांगितलं हो त्याने," ते म्हणाले. "एकही अंक चुकला नाही. फोन लाव रे जरा, डिसेंबरच्या मागण्यांना आत्तापासूनच लागायला हवं."