तारकर्ली येथील आकस्मिक आरोग्यप्राप्ती

मराठी पर्यटकाची प्रकृती हा लग्नाच्या पंगतीत आणि रेल्वेच्या डब्यात मोकळेपणाने चर्चिला जाणारा विषय असला, तरी रात्रभर घाट उतरून मालवण-तारकर्लीस पोहोचलेल्या त्याच पर्यटकापुढे स्कूबा डायव्हिंगचा वैद्यकीय अर्ज ठेवला जाताच तो क्षणार्धात रोगमुक्त होतो, या घटनेची वैद्यकशास्त्राने अद्याप पुरेशी दखल घेतलेली नाही. दमा, रक्तदाब, हृदयविकार, फेफरे, कानाची शस्त्रक्रिया अशा प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले जाते, आणि पत्नीने ‘अहो, सकाळची गोळी?’ असे पुटपुटलेच, तर तिला डोळ्यांनीच गप्प केले जाते. वास्तविक दमेकऱ्याच्या फुफ्फुसात अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावून इजा करू शकते, त्यामुळे समुद्रात माशांना भिण्यापेक्षा या ‘नाही’ला भ्यावे, हे अधिक शास्त्रीय होय.

होडी निघते, तेव्हा 1664 साली बांधकाम सुरू झालेला सिंधुदुर्ग एका बाजूस असतो आणि पोटातील घावणे व सुरमई यांचे लाटांशी पटेनासे झालेले असते. डुबकीपूर्वी हलकेच खावे, हा नियम पाळायचा असतो हे बहुतेकांना याच टप्प्यावर उमगते. पाठीवरच्या नळकांड्याला सर्वजण ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात. त्यात भरलेली असते ती मात्र गाळून दाबलेली साधी हवा, कारण शुद्ध ऑक्सिजन थोड्याच खोलीवर विषारी ठरू शकतो. चष्म्याच्या काचेवर धुके धरू नये म्हणून तिच्यावर थुंकण्यास सांगितले जाते, आणि आयुष्यात प्रथमच या कृतीस अधिकृत मान्यता मिळाल्याने काही मंडळी गरजेपेक्षा अधिक उत्साह दाखवतात. भरघोस मिशा राखणाऱ्यांचा चष्मा गळतो, ही त्या मिशांची आजवर उघडकीस न आलेली उणीव होय.

खरी परीक्षा पहिल्या काही मीटरांतच असते. पृष्ठभागापासून 10 मीटर खाली गेल्यावर दाब दुप्पट होतो, व तो कानाच्या पडद्यावर आतून समतोल न केल्यास कळ येते. म्हणून नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकावे लागते, ज्या युक्तीस इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वा याचे नाव आहे. ‘हलकेच’ या शब्दाचा अर्थ चूल फुंकण्याच्या जोराने असा करणाऱ्यांचे कान दुखावतात. सर्दी झालेल्यांची तर हवाच आत जात नाही, आणि त्यांनी त्या दिवशी होडीतच बसून राहणे इष्ट. श्वास मात्र कधीही रोखू नये, कारण 10 मीटरांवर छातीत कोंडलेली हवा वर येईतो दुप्पट जागा मागते, आणि छाती काही वाढवून मिळत नाही.

पाण्याखालील संभाषण हातांनी होते, व येथे मोठा भाषिक अपघात संभवतो. अंगठा वर दाखवणे याचा जमिनीवरील अर्थ ‘झकास’ असला, तरी समुद्रात तो ‘मला वर न्या’ असा आहे. त्यामुळे छायाचित्रासाठी ऐटीत अंगठा उंचावणारा पर्यटक, नुकतीच पोपटी माशांशी ओळख होत असताना, प्रशिक्षकाच्या हाताने तत्परतेने पृष्ठभागावर आणला जातो. ‘ठीक आहे’ हे अंगठा व तर्जनीचे वर्तुळ करून सांगायचे असते, जे सांगितले गेलेले असते, पण त्या वेळी लक्ष मिशांकडे असते.

डुबकीनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. उंचीवरील कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून एका डुबकीनंतरही विमानप्रवासापूर्वी किमान 12 तास थांबण्याची शिफारस केली जाते. हलक्या उथळ डुबकीत धोका अल्प असला, तरी खोल डुबक्या मारणाऱ्याने 500 मीटरहून अधिक उंचीवरील कोल्हापूरचा तांबडा रस्साही उद्यावर ढकलावा, हे त्यास विमानाइतके पटत नाही. सोलकढी उरकून त्याच दुपारी निघालेल्या गाडीत गगनबावड्याच्या वळणांवर कान दडपू लागताच सर्व प्रवासी एकसाथ नाक चिमटीत धरून जोराने फुंकतात, आणि चढताना ही युक्ती करायचीच नसते, हे सांगू शकणारा एकमेव माणूस तारकर्लीच्या किनाऱ्यावर पुढच्या गटाचे अर्ज वाटत असतो.