फॉर्म भरूलालो

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरात ब्रदरला ‘काय करूलालास?’ असं आता कोणी विचारत नाही. उत्तर साऱ्या गावाला पाठ आहे: ‘फॉर्म भरूलालो.’ ब्रदर म्हणजे बी.एस्सी. नर्सिंग झालेला गडी. सीमाभागातल्या जरा मोठ्या गावात असा एक तरी सापडतोच. नोकरी उदगीरच्या खासगी दवाखान्यात, आयसीयूला. घर कर्नाटकात आणि चित्त अमेरिकेत. ड्यूटीला जाताना महाराष्ट्राची लालपरी किंवा कर्नाटकची केकेआरटीसी, जी एसटी आधी येईल ती. सख्खी बहीणही त्याला ब्रदरच म्हणते.

त्याला भूल द्यायची आहे. आपल्याकडे ते काम डॉक्टरचं; नर्सनं सिरिंज भरून हातात द्यायची. अमेरिकेत मात्र खास शिक्षण घेतलेली नर्स स्वतः भूल देते, आणि ही तिथली जुनी रीत आहे. मेयो बंधूंच्या दवाखान्यातल्या अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सनं 1906 साली 14,000च्या वर भुलींचा हिशेब छापला होता. त्यात भुलीपायी एकही माणूस दगावलेला नव्हता. ब्रदरनं हे चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, “भूल द्यायला तितक्या लांब कशाला जातूस? आमदार हितंच देतेत की, दर पाच सालाला.”

ब्रदरचं अशा बोलण्यानं काही बिघडत नाही. तो बोटं मोजत वाट सांगतो. आधी एनक्लेक्स, म्हणजे तिथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा. मग व्हिसा. मग तिथल्या आयसीयूत एक वर्ष. पण नुसत्या एका वर्षावर कोण उभं करतंय, म्हणून दोन-तीन. मग सीसीआरएन हे आयसीयू नर्सिंगचं प्रमाणपत्र, त्यासाठी दोन वर्षांत 1,750 तास गंभीर पेशंटपाशी काढलेले पाहिजेत. मग अर्ज, मुलाखत आणि निवड झालीच तर निदान 36 महिने शिक्षण. 2022 पासून नव्यानं शिरणाऱ्याला थेट डॉक्टरेटच करावी लागते.

“म्हंजे डॉक्टर होनार का?” वडिलांनी आशेनं विचारलं.

“हाव.”

“मग गोळ्या लिहून देतास?”

“तसला डॉक्टर न्हाई.”

वडील तेव्हापासून पाहुण्यांना ‘पोरगा पुढं शिकूलालाय’ एवढंच सांगतात.

एनक्लेक्स तो केव्हाच पास झाला. घोडं व्हिसापाशी अडलंय. अमेरिकेचं सरकार दर महिन्याला एक व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात भारताची तारीख दहा-दहा वर्षं मागं रेंगाळलेली असते. कधी पंधरा दिवस पुढं सरकते, कधी जागची हलत नाही. ब्रदर ते पंचांगासारखं वाचतो आणि घरातली शुभकार्यं त्यावर ठरवतो. त्याचं स्वतःचं लग्न त्यामुळेच लांबलंय.

तोवर रिकामं कशाला बसायचं, म्हणून बाकीची तयारी चालू असते. गुणपत्रिका बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठातून परस्पर अमेरिकेला जाव्या लागतात, अर्जदाराचा हातही लागता कामा नये. त्यासाठी तो रात्रभर रेल्वेनं बंगळूरला गेला आणि खिडकीपाशी हात मागं बांधून उभा राहिला. तिकडं मार्क टक्क्यांत चालत नाहीत, चारपैकी मोजतात. ब्रदरला तीन पडले. वडिलांनी लगेच हिशेब केला, “चारात तीन. म्हंजे बारा आने. मग रुपयावाल्याला सोडून तुला कशाला घेतेत?” निवड समितीसुद्धा हेच विचारते, फक्त इतकं नेमकं विचारत नाही.

मग शिफारसपत्रं. संकटात हा उमेदवार कसा वागतो, प्रसंग देऊन लिहा, असं तिकडच्यांचं म्हणणं. ब्रदरच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहिलं, ‘सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे,’ आणि खाली दोनदा शिक्का मारला.

‘मला भूलशास्त्र का शिकायचं आहे’ या निबंधावर मात्र ब्रदरची खरी मेहनत आहे. सुरुवातच निजामापासून. आमचा बिदर जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि क्लोरोफॉर्मनं माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हे शोधायला 1888 आणि 1889 साली हैदराबादेत दोन आयोग बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. दुसऱ्या खेपेला लंडनच्या ‘लॅन्सेट’नं लॉडर ब्रंटन यांना धाडलं, खर्च निजाम सरकारचा. श्वास सांभाळा, हृदयाची चिंता नको, असा निष्कर्ष निघाला, आणि तो पुढं चुकीचा ठरला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म द्यायच्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. निबंधाला मर्यादा एका पानाची. निजाम आणि रूपाबाईंनी पाऊण पान घेतल्यावर ब्रदरला स्वतःसाठी एकच वाक्य उरलं: मी कष्टाळू आहे.

त्यानं लिहायला हवं होतं ते वेगळंच. ऑपरेशनच्या सकाळी पेशंट उपाशी लागतो, नाहीतर भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. आणि आमच्याकडचा कुठलाही आजोबा ‘कायबी खाल्लं न्हाई’ असंच सांगतो. डॉक्टर विचारतात, सिस्टर विचारते, उत्तर तेच. ब्रदर विचारतच नाही. उशाशी बसतो, सुई लावायला शीर चाचपत पावसाचं काढतो, सोयाबीनच्या भावाचं काढतो आणि त्याच सुरात म्हणतो, “उदगिरात आता च्या ग्वाड मिळत न्हाई बगा.” आजोबा फसतात. “न्हाई कसा? आत्ता पिलो की खाली, अर्धाच कप, दुधाचा.” ऑपरेशन पुढं ढकललं जातं. आजोबा ब्रदरला शिव्या घालतात, पण जिवंत राहून घालतात. या गुणाला चारपैकी किती, ते कुठल्याच फॉर्मात नाही.

वडिलांचा जीव मात्र एम्सच्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेत अडकलाय. तिथं 80 टक्के जागा बायकांना, हे कळल्यावर त्यांनी ब्रदरकडं असं पाहिलं की जणू जन्माच्या वेळचा फॉर्म यानंच चुकीचा भरला. ब्रदरनं चुलत बहिणीचा अर्ज भरला, ती लागली. सरकारी नोकरीच्या अर्जांसाठी इकडं कल्याण कर्नाटकच्या आरक्षणाचा 371-जे दाखला, तिकडं महाराष्ट्राला दाखवायला त्यानं हक्क सांगितलेल्या 865 सीमागावांतल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे, दोन्ही त्याच्या एकाच फायलीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. त्यांची गाठ पडू नये याची तो काळजी घेतो.

आता गाव त्याच्याकडंच फॉर्म घेऊन येतं. परवा शेजारची आजी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या 2,000 रुपयांसाठी आली. ब्रदर नाइट ड्यूटी करून आलेला, डोळे अर्धे मिटलेले. सवयीनं विचारून बसला, “मावशी, तुमची शिफारस करनारे तीन जन सांगा, रोज तुमच्यासंगं काम केलेले.”

आजीनं बराच विचार केला. “दोन सुना हायेत,” ती म्हणाली, “पन त्या लिहून देनार न्हाईत. तिसरी करून आनू का?”