नावाला चार रिव्हेट

दानात मिळालेल्या व्हीलचेअरचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे तिच्या पाठीवरची पाटी. यावर आता कुणी वाद घालू नये. मावळातल्या कुठल्याही गावात जा, पडवीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्याशेजारी उभी करून ठेवलेली एखादी खुर्ची दिसेल. पुढचं एक चाक गेलेलं असेल, त्या जागी विटेचा तुकडा. पाय ठेवायची पट्टी सुतळीने बांधलेली. रेक्झिनची बैठक मधोमध फाटलेली. ब्रेक मात्र शाबूत असेल, कारण जे चाक फिरतच नाही त्याला अडवण्यात ब्रेकची झीज होत नाही. आणि पाठीमागे, कालच बसवल्यासारखी लखलखीत, पाटी. वर ‘सप्रेम भेट’, खाली दानशूरांचं नाव, वडिलांच्या नावासकट, त्याखाली पद, त्याखाली माजी पद.

या पाटीला चार रिव्हेट असतात. मोजून पाहा. पाय ठेवायच्या पट्टीला एक स्क्रू, त्याचेही आटे गेलेले. बसणाऱ्याचा सगळा भार ज्या जोडावर येतो तिथे वेल्डिंगचा एक टाका, तोही घाईत मारलेला. नावाला मात्र चार कोपऱ्यांत चार रिव्हेट. बरोबरच आहे. माणूस पडला तर चार जणांना मिळून उचलता येतो. नाव पडलं तर कोण उचलणार?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. त्या पावसात खिडक्यांचे गज गंजतात, कुलपं गंजतात, पाकीट उघडं राहिलं तर चिक्कीसुद्धा ओलसर होते. व्हीलचेअरच्या पुढच्या चाकातले छर्रे तर एका पावसाळ्यात एकमेकांना असे चिकटतात की दिवाळीत हातोडीने ठोकले तरी हलत नाहीत. पाटीवर मात्र डाग नाही. कारण पाटी स्टेनलेस स्टीलची आहे. म्हणजे गंज न चढणारा धातू या जगात उपलब्ध आहे, तो बाजारात मिळतो आणि आपल्या दानशूरांना त्याची पक्की माहितीही आहे. तो खुर्चीत नेमका कुठे वापरायचा, एवढ्याबाबत थोडा गोंधळ झाला.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. यापुढे सबंध खुर्चीच पाट्यांची करावी. पाठ म्हणजे एक मोठी पाटी. हात टेकायच्या जागी दोन लांबट पाट्या, एकीवर ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’, दुसरीवर ‘चिरंजीवांच्या वाढदिवसानिमित्त’. मागच्या दोन मोठ्या चाकांवर गोल पाट्या, म्हणजे चाक फिरलं की नाव फिरेल आणि गावभर पोचेल. पुढची चाकं लहान असतात, तिथे नुसती आडनावं मावतील, ती होतकरू उमेदवारांना द्यावीत. ब्रेकवर विरुद्ध गटाचं नाव टाकता येईल, तेवढाच सर्वपक्षीय कार्यक्रम. प्रत्येक पाटी स्टेनलेस, प्रत्येक पाटीला चार रिव्हेट, म्हणजे खुर्ची शंभर वर्षं हलणार नाही. निदान खुळखुळणार तरी नाही. एकाच खुर्चीला दहा दाते मिळाले की पैशाचा प्रश्न मिटला, आणि प्रत्येक भागाला मालक मिळाला की तो भाग निखळू न देण्याची ईर्षाही आली. मी हा आराखडा कागदावर काढूनसुद्धा पाहिला. अडचण दोनच ठिकाणी येते. पाय ठेवायच्या पट्टीवर नाव द्यायला कुणी तयार होणार नाही, कारण नाव पायाखाली येतं. आणि बैठकीवरही कुणी देणार नाही, कारण नावावर माणूस बसतो. म्हणजे शेवटी तेच दोन भाग बिनपाटीचे, बिनरिव्हेटचे राहतील आणि आज तुटतात तसेच तुटतील. योजना तिथेच अडते. नाव घालायची आपली रीत जुनीच आहे : लग्नात भाचीला दिलेल्या पातेल्यावर मामा नाव घालतो, पण ते पातेलं निदान गळत नाही.

आता वाटपाचं बघू. व्हीलचेअर कशी द्यावी, याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना 2008 साली निघाल्या. त्यात आठ पायऱ्या आहेत : गरजू माणसाला योग्य ठिकाणी पाठवणं, त्याची तपासणी, त्याला कशी खुर्ची लागेल ते ठरवणं, पैशाची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, ती त्याच्या अंगाला बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि आठवी, पुन्हा भेटून देखभाल व दुरुस्ती. आपल्याकडेही आठच पायऱ्या आहेत, उगाच कुणी मागास म्हणू नये. मंडप, फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल, नारळ, भाषण, फोटो आणि जेवण. मधे कुठेतरी खुर्चीही दिली जाते, पण तिच्यासाठी वेगळी पायरी ठेवण्याइतका वेळ पाहुण्यांकडे नसतो. त्यांना पुढे दुसरीकडे शिलाई यंत्रं वाटायची असतात.

फोटोच्या पायरीला मात्र वेळ असतो. जो मिळेल त्याला खुर्चीत बसवतात. बसवलेला माणूस कुबड्यांवर चालत आला असेल आणि त्याला कुबड्यांची रबरी टोपणंच हवी असतील, तरी बसवतात. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाच्या मापाच्या खुर्चीत बसवतात. ती एका बाजूला कलंडते, मग आई शेजारून हाताचा टेकू देते आणि फोटोग्राफर म्हणतो, ‘ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा.’ मग पाहुणे मागून खुर्ची धरतात आणि दहा फूट ढकलतात. सभागृहाच्या सपाट फरशीवर, तांबड्या गालिच्यावरून. ते दहा फूट म्हणजे त्या खुर्चीची एकुलती एक चाचणी. तीत ती नेहमी उत्तीर्ण होते.

कारण ती खुर्ची मुळात त्यासाठीच बनलेली असते. रुग्णालयाच्या व्हरांड्यातून पेशंटला एक्स-रेच्या खोलीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, मागे वॉर्डबॉय, खाली गुळगुळीत लाद्या. पुढची चाकं चिमुकली आणि टणक. ती पवन मावळातल्या एखाद्या वाडीवर नेली की पहिल्याच खडीत रुततात, आणि बसणारा तोंडावर येतो. मोठी रुंद पुढची चाकं, मजबूत सांगाडा आणि माणसाच्या मापाची बैठक असलेल्या खडबडीत रस्त्याच्या खुर्च्या जगात बनतात, भारतातही बनतात. पण एका तशा खुर्चीच्या पैशात साध्या दोन-तीन येतात, आणि दोन-तीन खुर्च्या म्हणजे दोन-तीन फोटो. हिशेब चोख आहे.

आता खुर्ची मोडल्यावर काय होतं ते पाहू. यासाठी मावळाइतकी नामी जागा महाराष्ट्रात सापडायची नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, खंडाळा असा जातो आणि त्याच्या दुतर्फा गॅरेजं आहेत. बोरघाटात रात्री दोन वाजता चौदा चाकी ट्रेलरचा टायर फुटू द्या. फोन लागतो, माणूस येतो, जॅक लागतो, पहाटे ट्रेलर घाट उतरतो. तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात आणि परदेशी जातात. गाडीला लागणारा प्रत्येक नट, प्रत्येक बुश, प्रत्येक बेअरिंग इथे कुणीतरी बनवतो. आणि याच पट्ट्यात एक बाई पुढचं चाक पिशवीत घालून कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत दुकानं पालथी घालते.

‘ताई, ह्याचं माप येत नाही,’ पंक्चरवाला म्हणतो.

‘सायकलचं नाही का चालणार?’

‘एक्सल वेगळा आहे. भोक मोठं करून दिलं असतं, पण पुढं ते किती टिकेल सांगता येत नाही. ज्यांनी दिली त्यांना विचारा की.’

‘त्यांचा नंबर कुठाय?’

पंक्चरवाला खुर्चीची पाठ पाहतो. नाव आहे, पद आहे, माजी पद आहे. नंबर नाही.

इथे मला खरंच राग येतो आणि तो लपवायची इच्छा नाही. फ्लेक्सवर यांचे नंबर असतात. दिनदर्शिकेवर असतात. दहीहंडीच्या टी-शर्टवर असतात. पाठीमागे चार रिव्हेट मारून जे नाव जन्मभरासाठी ठोकलंय, त्याखाली दहा आकड्यांना जागा होत नाही? चाक तुटलं म्हणजे काय होतं, हे कुणी सांगितलेलं नाही का यांना? पोरगी शाळेत जायची थांबते. चहाची टपरी चालवणारा माणूस घरी बसतो. कमरेखाली संवेदना नसलेला माणूस गादीशिवाय फाटक्या रेक्झिनवर बसून राहतो, त्याला जखम होते, ती त्याला कळतही नाही, चिघळते, आणि अशा जखमांनी माणसं मरतात. ही अतिशयोक्ती नाही, कुठल्याही डॉक्टरला विचारा. आणि तिकडे त्या माणसाच्या नावापुढे ‘लाभ दिला’ अशी नोंद झालेली असते. केंद्राच्या 1981 पासून चालत आलेल्या साहाय्यक साधनांच्या योजनेत मोठ्यांना तेच साधन तीन वर्षं पुन्हा मिळत नाही. नियम म्हणून ठीक आहे, सरकारी पैसा आहे. पण तीन वर्षं पुन्हा द्यायची नसेल तर ती तीन वर्षं चालली पाहिजे, किंवा गावात दुरुस्त झाली पाहिजे. पाऊस नियम वाचत नाही. तो पहिल्याच जूनमध्ये येतो.

देशात 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली, वर्षाअखेर त्याचं पोर्टलही सुरू झालं. चार क्षेत्रं निवडली : शेतीची यंत्रं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. म्हणजे ट्रॅक्टर, फोन, फ्रिज, मोटार. जिच्याशिवाय माणूस घराच्या उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही ती खुर्ची या चारांत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरसाठी कायदा केला. कंपन्यांनी सुटे भाग, हत्यारं आणि माहिती वापरणाऱ्याला व बाहेरच्या मेकॅनिकला द्यायचीच, असा. तिथे फ्रिजच्या आधी खुर्ची आली. आपल्याकडे खुर्चीच्या आधी फ्रिज आला, आणि फ्रिजवर कुणी नाव घालत नाही तरी तो टिकतो.

गावात दुरुस्त होईल असं साधन बनवणं आपल्याला जमत नाही असंही नाही. 1968 च्या सुमारास जयपुरात एका कारागिराने आणि डॉक्टरांनी मिळून रबरी पाय तयार केला. असं सांगतात की त्या कारागिराला रबराची कल्पना सुचली ती सायकलचं पंक्चर काढायला थांबला असताना, शेजारी ट्रकचा टायर रिट्रेड होताना पाहून. त्या पायावर माणूस अनवाणी चालतो, शेतात जातो, उकिडवा बसतो, आणि तो पाय साध्या कार्यशाळेत बनतो, दुरुस्त होतो. जगाने घेण्यासारखी ही अक्कल एका पंक्चरच्या दुकानात सापडली. आमच्या घाटरस्त्यावर अशी दुकानं रांगेने आहेत. त्यांना कुणी काही विचारत नाही, कारण त्यांच्याकडे फोटोला पार्श्वभूमी बरी मिळत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. नाव घालायला हरकत नाही, खुशाल घाला, पाच रिव्हेट मारा. पण त्याखाली दुरुस्तीचा चालू असलेला नंबर हवा. खुर्चीसोबत पुढच्या चाकांची एक जादा जोडी, दोन ट्यूब, छर्रे आणि एक पाना हवा. मापं अशी हवीत की सायकलच्या दुकानात भाग मिळावा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. त्यातला काही भाग नव्या खुर्च्यांऐवजी वडगाव, कामशेत आणि लोणावळ्यातल्या एकेका गॅरेजला दुरुस्तीचं काम देण्यावर खर्च करा. कारखान्यांच्या पट्ट्याला पन्नास बेअरिंगं सहज परवडतात. एक खुर्ची दुरुस्त केली तर फोटो येत नाही, हे मला मान्य आहे. माणूस मात्र घराबाहेर येतो.

येत्या 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन आहे. तुमच्याही गावात मंडप पडेल, तुम्हालाही निमंत्रण येईल. जरूर जा, जेवून या. फक्त टाळ्या वाजवण्याआधी उभं राहून मोठ्याने एवढंच विचारा : ‘हिचं पुढचं चाक तुटलं तर ते मावळात कुठे मिळेल?’ दुकानाचं नाव सांगता आलं तर टाळ्या वाजवा. नाही आलं तर खुर्ची परत न्यायला सांगा, आणि पाटीही.