त्या क्लोजअपचं काय झालं?

अहो, ऐकलंत का? आपली ती नटी जीन आर्थर हो, 'अ फॉरेन अफेअर' पिक्चरमधली! शूटिंग चालू असताना एकदा मध्यरात्री नवऱ्याला घेऊन थेट दिग्दर्शकाच्या दारात. नुसती भडकलेली! म्हणे, माझा तो छान क्लोजअप कुठाय? मार्लीन डिट्रिशच्या सांगण्यावरून जाळलात ना? बिली वाइल्डरचं तोंड असं पडलं असेल... पुढं तोच चवीचवीनं सांगायचा हो हे. आणि मार्लीन, त्याच पिक्चरमधली दुसरी नटी, तेव्हा मुक्कामाला कुठं? वाइल्डरच्याच घरी! मग संशय येणार नाही तर काय?

तर काय सांगत होते... हां, त्या पिक्चरचं. जीन त्यात आयोवाची काँग्रेसवुमन, मिस फ्रॉस्ट. पडक्या बर्लिनमध्ये आपले सैनिक नीट वागतात ना, ते बघायला आलेली. तिथल्या सैन्यातल्या कॅप्टन प्रिंगलच्या मैत्रिणीनं दिलेला चॉकलेट केक एवढ्या लांबून जपून आणला बिचारीनं. आणि त्या मेल्यानं काय करावं? काळ्या बाजारात देऊन गादी घेतली! कुणाला? त्या क्लबात गाणाऱ्या एरिकाला, म्हणजे मार्लीनला. नाझींत ऊठबस असलेली बाई ती!

आणि मग हाच प्रिंगल मिस फ्रॉस्टच्या मागे. फायलींच्या खोलीत ही एकेक खण ओढून आडवा घालतेय, तो येतोच आहे, आणि ही घाबरून शाळेतली कविता घडाघडा म्हणतेय. हसून पुरेवाट झाली हो माझी.

गंमत अशी, की खरी मार्लीन हिटलरच्या विरोधातली. युद्धात अमेरिकन सैनिकांसमोर गायली, १९४७ साली मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, आणि वाट्याला आली ही असली भूमिका. आधी नको-नकोच म्हणत होती. वाइल्डरचं तरी काय... १९३३ सालीच बर्लिन सोडावं लागलं, आई नाझींच्या छळात गेली. तोच माणूस तिथले खरेखुरे ढिगारे शूट करून आणतो आणि त्यावर कॉमेडी करतो! १९४८ साली पिक्चर आला, तर लष्करातल्या साहेबांचे चेहरे उतरले.

जीनचं मात्र वाईट वाटतं हो. त्यानंतर एकच पिक्चर केला तिनं, 'शेन'. पुष्कळ वर्षांनी वाइल्डरला फोन केला म्हणे, आत्ता पाहिला, छान आहे! म्हणजे तोवर पाहिलाच नव्हता, बघा!

पण तुम्हाला म्हणून सांगते, क्लोजअप असता तरी भाव मार्लीननंच खाल्ला असता.