झड लागली की

सावद्यात बुलेट असणं ही काही ओळख होऊ शकत नाही. केळीला एक वर्ष बरा भाव लागला की आमच्याकडे आधी लग्नं ठरतात, मग घरावर स्लॅब पडतो आणि तिसऱ्या क्रमांकावर बुलेट येते. त्यामुळे बुलेटवाले गल्लीगल्लीत आहेत. रायडर मात्र दोन-चार गल्ल्यांत मिळून एखादाच. बुलेटवाला गाडीवर शेतात जातो, मागे खताची गोणी टाकतो, पुढे टाकीवर पोरगं बसवतो. रायडरभाऊंची बुलेट मळ्यात जात नाही. तिला चिखलाचं वावडं नाही, पण तो चिखल सातपुड्याचा लागतो. फैजपूरला काही काम निघालं तर भाऊ वहिनींची स्कूटी मागून घेतात, कारण एवढ्याशा अंतरासाठी इंजिन तापवणं गाडीला मानवत नाही, असं त्यांचं मत आहे. वहिनींच्या स्कूटीला काय मानवतं, हे कोणी विचारलेलं नाही.

घराण्यात दुचाकीचा वारसा आहे. भाऊंच्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, राजदूत होती. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, १७५ सीसीची, दुधाच्या कॅनसाठीच जन्माला आल्यासारखी दणकट. तिच्यावर आबांनी दूध वाहिलं, डिझेलचे डबे वाहिले, एकदा अख्खी पाण्याची मोटरसुद्धा वाहिली आणि या सगळ्याला त्यांनी कधी राइड म्हटलं नाही. पुढे केळीच्या चांगल्या भावाच्या एका हंगामात जुनी बुलेट आली, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. ती सुरू करणं हा सकाळचा अर्ध्या तासाचा विधी असे. अँपिअरच्या काट्याकडे डोळा ठेवून किक हळूहळू दाबत न्यायची, काटा मध्यावर आला की थांबायचं, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक किंचित पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा, पाय पुन्हा वर घ्यायचा आणि मग देवाचं नाव घेऊन सगळं अंग त्या किकवर टाकायचं. गणित चुकलं तर किक उलटी येई. नडगीवरची ती खूण भाऊ आजही पॅन्ट वर करून दाखवतात. हल्लीच्या त्यांच्या बुलेटला सेल्फ आहे, अंगठ्यानं बटण दाबलं की काम झालं. पण चार माणसं बघत असली तर भाऊंचा पाय सवयीनं किक शोधतो. किक नसते. मग ते गुडघा झाडल्यासारखं करतात आणि अंगठा वापरतात.

भाऊंचं जॅकेट मागवलं गेलं एका मे महिन्यात. खानदेशातला मे कसा असतो ते सांगत नाही. भुसावळचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तो काही कौतुकानं नव्हे. पार्सल दुपारी दोनला आलं. खांद्याला, कोपराला, पाठीला चिलखत असलेलं ते काळं प्रकरण भाऊंनी लगेच अंगात घातलं, गुडघ्यांचे गार्ड बांधले, हातमोजे चढवले, हेल्मेटच्या आत तोंडाला कापडी बुरखा घेतला आणि हॉलमध्ये आरशासमोर उभे राहिले. कूलर चालू होता. तरी पाच मिनिटांत वहिनींना लिंबू-साखर-मीठ घालून पाणी करावं लागलं. आबा ओट्यावरून पाहत होते. ते म्हणाले, “फैजपूरच्या काँग्रेसले तुहा पंजोबा पायी गेलता, धोतरावर. तू कपडेच घाली राह्यला.” १९३६ चं ते अधिवेशन, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं, आमच्या भागात सगळ्या वादांत शेवटचा पुरावा म्हणून वापरतात. भाऊ निरुत्तर झाले, पण जॅकेट उतरवलं नाही. निदान चेन अडकली आहे, असं कारण त्यांनी दिलं.

जॅकेटवर बिल्ले आहेत. गोव्याला नोव्हेंबरात बुलेटवाल्यांचा मोठा मेळा भरतो, त्याचा एक. बाकीचे आपापल्या ग्रुपनं शिवून घेतलेले. हे बिल्ले पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत.

आता मूळ प्रश्न. माळरानं पिवळी पडलेली असताना, हवा छान कोरडी असताना, रस्ता नीट दिसत असताना, म्हणजे कोणताही शहाणा माणूस निघेल तेव्हा, रायडरभाऊंची राइड कधीच होत नाही. ती होते भर पावसात. बाहेरगावच्या रायडर मित्रांना यात फार मोठं काव्य दिसतं. सावद्याचे लोक ढग शोधत निघतात, पावसाशी त्यांचं काही नातं आहे, असं नाशिक-पुण्याकडे बोललं जातं, आणि भाऊंनी ते कधी खोडून काढलेलं नाही.

खरं कारण चिखल आहे. केळीच्या शेतकऱ्याला सुट्टी नसते. मृगबाग लावून होते तो कांदेबागेची तयारी येते, ती उरकते तो कुठल्या तरी वावरात घड तयार असतात आणि दारात व्यापारी उभा असतो. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि वादळ बागेचं काय करतील या धास्तीनं माणूस आखाजीचा झोकासुद्धा आभाळाकडे बघत खेळतो. फक्त एकदा, दोन-तीन दिवस न उघडणारी झड लागली, की आमच्या काळ्या जमिनीत कोणी जाऊ शकत नाही. गेलेला ट्रॅक्टर रुततो, त्याला ओढायला दुसरा जातो, तोही रुततो आणि मग तिसरा आणायचा की नाही यावर बांधावर चर्चा होते. कटाई बंद, वाहतूक बंद, मजूर घरी. केळीपट्ट्यात माणूस मोकळा होतो तो तेवढाच. तेव्हा भाऊ ग्रुपवर टाकतात : “सातपुडा बोलवी राह्यला.” सातपुडा बारा महिने तिथेच असतो. बोलवायची परवानगी त्याला झडीत मिळते.

अशाच एका जुलैतल्या झडीत तोरणमाळला मीट ठरली. पालचं जंगल खिरोद्यामागेच आहे, तासाभरात भिजून घरी परत येता येतं. पण जेवायला घरी येता येणारं ठिकाण रायडरच्या उपयोगाचं नसतं. तोरणमाळ दोनशे किलोमीटरच्या वर. पहाटे पाचला निघायचं ठरलं आणि सगळे आठला निघाले. मधले तीन तास रेनकोटच्या प्रश्नात गेले. रेनकोट जॅकेटच्या वर घातला तर बिल्ले झाकतात. बिल्ले झाकले तर तोरणमाळपर्यंत गावोगावच्या लोकांना हा केळीचा शेतकरीच वाटणार. शेवटी रेनकोट आत आणि जॅकेट वर, असा निर्णय झाला. आतला माणूस कोरडा राहिला हे मान्य करायला हवं. पण चोपड्यापर्यंत त्या जॅकेटनं इतकं पाणी पिऊन घेतलं होतं की भाऊ चहाला उतरले तेव्हा बाही पिळून त्यांनी टपरीवाल्याची शेगडी विझवली.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यावर हेल्मेटपेक्षा कमरेचा पट्टा अधिक उपयोगी पडतो, इतकंच. यावल, चोपडा, अनेरचा पूल, तिथून धुळे जिल्हा, शिरपूर, शहादा. उजव्या हाताला सगळा वेळ सातपुडा ढगात. दर चाळीस किलोमीटरवर थांबा. थांब्यावर गाड्या तिरप्या रांगेत लावायच्या, फोटो काढायचा, आणि ओळखीच्या कोणाला तरी विचारायचं की सावद्याकडे उघडलं का. नाही म्हटलं की पुढे.

म्हसावद, राणीपूर सोडलं की घाट चढू लागतो आणि मग बोलणं बंद होतं. इथे मात्र थट्टा थोडी बाजूला ठेवतो. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे. नागार्जुनाच्या ठिकाणापासून सातपायरीची वळणं सुरू झाली की पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो, बाजूनं येतो, कधी दरीतून वर येतो. डोंगराच्या प्रत्येक घडीतून पाणी रस्त्यावर. धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो, गाडी दिसत नाही. भाऊ दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, मागचा ब्रेक नुसता हलकासा लावून प्रत्येक वळण असं घेत होते की मागून पाहणाऱ्यानं शिकावं. त्या दोन पायांना आणि दोन हातांना काम माहीत आहे यात शंका नाही. याच वळणांवर एक पावरा गृहस्थ शंभर सीसीच्या गाडीवर, मागे बायको, मध्ये बकरी आणि तिघांच्या डोक्यावर एकच प्लास्टिकचा कागद, अशा थाटात सगळ्यांना ओलांडून वर गेला. हॉर्नही वाजवला नाही. भाऊंनी त्याला रायडर लोक करतात तसा डावा पंजा खाली करून सलाम केला. बकरीनं पाहिलं.

भाऊंची गाडी पडली ती घाटात नव्हे. वर पोचून, इंजिन बंद करून, साइड स्टँड लावून, हेल्मेट काढून केसांवरून हात फिरवत असताना पडली. स्टँड लाल चिखलात हळूहळू गेला आणि पावणेदोनशे-दोनशे किलोचं ते लोखंड सगळ्यांच्या देखत शांतपणे कुशीवर झालं. “झोपली गाडी,” भाऊ म्हणाले, जणू थकली होती म्हणून त्यांनीच परवानगी दिली होती.

यशवंत तलाव त्या दिवशी दिसला नाही. तो तिथेच आहे असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. बॅनर बांधला गेला, त्यावरचा रंग धुऊन जात असताना ओळखपरेड झाली. नाशिकचे आले होते, पुण्याचे दोघं होते, इंदूरचा एक. शहाद्याचे एक काका जुन्या येझदीवर आले होते, जिला किक आणि गिअर एकाच दांडीत असतात. किक मारून तीच दांडी पुढे वळवली की गिअर. काकांनी ते चारदा करून दाखवलं आणि चारही वेळा टाळ्या घेतल्या. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाले जगभर आपला दिवस म्हणून पाळतात, तेव्हा आजच्या सभेवर खरा हक्क आपला आहे, असाही मुद्दा त्यांनी मांडला. मग रायडरभाऊंचं भाषण झालं. भाऊ म्हणाले, जर्मनीत १९५६ पासून ‘हत्तींचा मेळावा’ भरतो. हत्ती म्हणजे झुंडॅप नावाची जुनी जडशीळ मोटारसायकल. ऐन हिवाळ्यात, बर्फात तंबू ठोकून लोक राहतात. “ते बर्फात राहतात भो, आपण पावसात भजे नाही खाऊ शकत?” खाऊ शकत होतो. भज्यांचा दुसरा घाणा निघेपर्यंत जर्मनी मागे पडली.

तिसऱ्या घाण्याला सीताखाईकडे जायचं ठरलं. दरीच्या कडेला एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज येते, हा शोध रावेरच्या एका रायडरनं लावला होता. बघता बघता त्या दगडाभोवती यावल, चोपडा, रावेर, सावदा असा सगळा केळीपट्टा गोळा झाला. एकाच छत्रीखाली पाच हेल्मेटं. मागे उभे असलेले पुण्याचे दोघं भारावून पाहत होते; दरीचं रौद्र रूप ही माणसं कशी मूकपणे अनुभवत आहेत, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. छत्रीखाली केळीचे भाव चालले होते : “नवतीले काय? अन् पिलबाग? वापसी तर सांगूच नको.” मग सीएमव्ही आला. ज्याला आम्ही हरण्या म्हणतो तो रोग कोणाच्या बागेत किती झाडं घेऊन गेला, उपटलेली झाडं बांधावर टाकावी की पुरावी, यावर त्या कड्यावर जी चर्चा झाली ती कुठल्याही कृषी मेळाव्याला शोभली असती. येझदीवाले काका पपईचे निघाले. त्यांना बोलू दिलं नाही.

साडेचारला भाऊंचा फोन वाजला. आबा होते. आबांचा आवाज शेजारच्या चार हेल्मेटांना स्पष्ट ऐकू येत होता. “आरे उघडलं इकडे. ऊन पडलं चकचकीत. वावर निचरी राह्यलं. वरच्या मळ्यात सकाळी सातले टोळी येई राह्यली, गाडी लागणार. निघ.”

मुक्कामाची खोली घेतलेली होती. शेकोटीला लाकडं आणली होती. ती ओली होती, पण आणली होती. रात्री वरण-बट्टी ठरली होती आणि बट्टीसाठी तूप भाऊंनीच सावद्याहून डब्यात घालून आणलं होतं. त्यांनी तो डबा सॅडल बॅगेतून काढला, नाशिकच्या मंडळींच्या हवाली केला आणि निमूटपणे गुडघ्याचे गार्ड बांधायला घेतले. पाठोपाठ यावलचा फोन वाजला, मग चोपड्याचा.

“आता? वाटेत अंधार पडेल. या धुक्यात घाट उतरणार?” पुण्याचा धाकटा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

भाऊंनी हेल्मेट चढवलं, काच अर्धी खाली घेतली. पाणी प्यालेलं जॅकेट खांद्यावरून ओघळत होतं. बिल्ले मात्र स्वच्छ धुतले गेले होते.

“मन भरत नाही ना भो,” ते म्हणाले. “रात्रीच्या राइडची गोष्टच वेगळी.”

पुण्याच्यांनी व्हिडिओ काढला. तो पुष्कळ लोकांनी पाहिला म्हणतात.