प्रभावळीमागचा पांढरा चौकोन : होतकरू डीटीपीवाल्यांसाठी मार्गदर्शिका

पूर्वतयारी : एक संगणक, कोरलड्रॉ, इन्व्हर्टर आणि तुमच्या खुर्चीमागे उभं राहून "भाऊ, नाव जरा मोठं करा की" म्हणणारी किमान चार माणसं. शेवटची गोष्ट अंबडमध्ये शोधावी लागत नाही. लग्नसराई लागली की ती आपल्या पायांनी चालत दुकानात येते.

सुरुवात लग्नपत्रिकेपासूनच करा. फ्लेक्सवाल्याला मोठी जेपीजी नाहीतर टिफ दिली की त्याचं भागतं, आणि फ्लेक्स वाचणारा मोटारसायकलवर असतो. पत्रिका मात्र हातात धरून, चष्मा वरखाली करून, आपलं नाव कितव्या ओळीत आहे हे मोजत वाचली जाते. शिवाय ती ऑफसेटवर छापायची तर जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या प्रेसला पीडीएफ पाठवावी लागते. इथपर्यंत सगळं छान चाललेलं असतं.

वर 'श्री मत्स्योदरी देवी प्रसन्न' येणारच. माशाच्या आकाराच्या टेकडीवरची देवी, महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती अशा तिन्ही रूपांत. म्हणजे प्रभावळी तीन, आणि त्या एकमेकींवर चढलेल्या. ग्राहक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून सांगेल, "बॅकग्राउंड काढलेला पीएनजी आहे." उघडल्यावर देवीच्या मागे करड्या-पांढऱ्या बारीक चौकटी दिसतील. नवशिक्यानं लगेच खूश होऊ नये. फोटोखाली एक लाल पट्टी सरकवून बघावी. लाल दिसलं तर फोटो खरा. चौकटीच दिसल्या तर त्या चित्राचाच भाग आहेत आणि इमानेइतबारे छापल्या जातील. खरा पीएनजीसुद्धा फोटो म्हणून पाठवला की वाटेत जेपीजी होतो, म्हणून तो डॉक्युमेंट करून मागवा. डॉक्युमेंट म्हणजे काय, हे समजावण्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा.

आता ट्रान्स्परन्सीचं हत्यार घ्या. जुन्या कोरलमध्ये त्याचं चिन्ह दारूच्या पेल्याचं आहे. देवीचं काम चालू असताना ग्राहकाचं लक्ष तिकडे जाऊ देऊ नये. मध्ये गडद पिवळं, कडेला विरत जाणारं, मागे मऊ सावली. स्क्रीनवर तेज फाकतं, ग्राहक हात जोडतो. ॲडव्हान्स मागायची वेळ हीच.

कारण यापुढे प्लेटचा कारभार आहे, आणि ऑफसेटच्या प्लेटला 'अर्धवट दिसणारं' असं काही कळत नाही. इथे ठिपका आहे किंवा नाही, एवढंच तिला ठाऊक. म्हणजे तुमची विरणारी प्रभावळ कुठेतरी, कुणीतरी फोडून सपाट करायचीच आहे. पीडीएफच्या 1.3 आवृत्तीत पारदर्शकतेची सोयच नव्हती. ती आली 2001 साली, 1.4 मध्ये. प्रेसवाला जी 'एक्स-1ए' मागतो तिच्यात पारदर्शकता चालतच नाही. ती निवडलीत की सॉफ्टवेअर चित्राचे तुकडे पाडतं : काही रेषा म्हणून ठेवतं, काहींचा फोटो करतं. हा निवाडा ते तुम्हाला विचारून करत नाही. मग 'बाळासाहेब'मधला 'बाळा' धारदार येतो आणि सावलीखाली सापडलेला 'साहेब' सुजलेला. 'एक्स-4'मध्ये पारदर्शकता जिवंत राहते आणि फोडाफोडी प्रेसच्या मशीनवर होते; पण ते मशीन ती फाइल नीट घेतं का, हे आधी फोनवर विचारा. "पाठवा, बघू" हे उत्तर 'नाही' असं धरावं.

त्यापेक्षा निवाडा आपणच करावा. सावली वस्तूपासून तोडा (कंट्रोल-के), मागच्या रंगासकट निवडा आणि 300 डीपीआयवर, सीएमवायकेमध्ये बिटमॅप करून टाका. आरजीबीत राहू दिलीत तर कुंकवाचा लाल विटकरी होईल आणि सावलीभोवती फिकट चौकोन उमटेल. हे झालं की सगळी अक्षरं उचलून वर, सावलीच्या डोक्यावर ठेवा. सुजेचा निम्मा त्रास एवढ्यानं जातो.

मराठी अक्षरांचं एक खास दुखणं आहे, ते इंग्रजी व्हिडिओंत सापडत नाही. फाँट नसला तर प्रेसवर अक्षरं बदलतात, म्हणून आपण मजकूर कर्व्ह करतो. अक्षरं सुटी करून त्यांना ट्रान्स्परन्सी लावली की शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे गडद ठिपके दिसतात, प्रत्येक अक्षराच्या खांद्यावर एक. म्हणून कुणी 'कंबाइन' करतो, तर त्याच जागी पांढरी भोकं पडतात. 'वेल्ड' करा. शिरोरेषा एकसंध होते, मग हवं तितकं पारदर्शक करा. खरं तर वधूवरांची नावं पारदर्शक करूच नयेत. पण ऐकतं कोण!

सोनेरी रंग ही पाचवी शाई. तिच्यावर सावली टाकून सपाट केलीत की सावलीचा चौकोन 'ओव्हरप्रिंट' म्हणून ठेवला जातो आणि पुढे कुणी ती सूचना पाळली नाही की गणपतीमागे पांढरा ठोकळा. सोन्यावर सावली टाकूच नका. त्याच्या उलट भानगड पांढऱ्या अक्षरांची. ओव्हरप्रिंट लावलेली काळी अक्षरं कॉपी करून पांढरी केली की स्क्रीनवर दिसतात, छपाईत मरून रंगात गडप होतात. गडप झालेलं नाव हमखास नवरदेवाच्या धाकट्या काकांचं निघतं. हे ओव्हरप्रिंटमुळे झालं, यावर त्या घरात पुढची कित्येक वर्षं कुणी विश्वास ठेवत नाही. ॲक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू लावून एकेक नाव वाचा.

राहिल्या प्रभावळीवरच्या पांढऱ्या बारीक रेघा. ग्राहक त्यांवर लाल गोल काढून रात्री अकराला स्क्रीनशॉट पाठवेल. पीडीएफ मोठी करून बघा. रेघ जाडीला तेवढीच राहिली तर तो तुकड्यांच्या सांध्यांवरचा पडद्याचा भास, छपाईत सहसा येत नाही. चित्राबरोबर रेघही जाड झाली तर ती फाइलमध्येच आहे. बिटमॅपच्या पायरीवर परत जा.

छापायला सोडण्याआधी कागदी प्रूफ काढून सही घ्या. सही नवरदेवाच्या वडिलांची, आणि धाकट्या काकांच्या देखत.